वाऱ्याची नोंद आणि ठिणगीचे भय

ज्या आवारात पेट्रोल, नॅफ्था किंवा द्रवरूप वायू यांच्या टाक्या उभ्या असतात, त्या आवारात वाऱ्याला दफ्तरी महत्त्व असते. तो कोणत्या दिशेने वाहतो, किती वेगाने वाहतो, पडला आहे की उठला आहे, याकडे तेथील माणसांना अष्टौप्रहर लक्ष ठेवावे लागते; कारण गळती झालीच तर बाहेर पडलेले बाष्प कोणाच्या दारी जाऊन पोचेल, आगीचा बंब कोणत्या फाटकातून आत घ्यावयाचा, कामगारांनी कोणत्या ठिकाणी गोळा व्हावयाचे आणि भिंतीपलीकडच्या वस्त्यांपैकी कोणती आधी उठवावयाची, या सर्व प्रश्नांची उत्तरे वाऱ्यावर अवलंबून असतात. संपादकांनी ‘वारा’ या विषयावर लेख मागितला, तेव्हा मला प्रथम हा वारा आठवला. तो मोजणारे यंत्र बहुधा विजेवर चालते, आणि विजेची ठिणगी ही तर त्या आवारातील पहिली वैरीण. वाऱ्याची वार्ता देणारे यंत्रच आगीचे निमित्त होऊ नये, आणि संकट ओढवलेच तर त्याच क्षणी ते मुकेही होऊ नये, यासाठी कोणती तजवीज केलेली असते आणि ती प्रत्यक्षात कितपत पाळली जाते, हे पाहण्यासाठी मी बाहेर पडलो.

फाटकाच्या आत

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, माहूल आणि ट्रॉम्बे यांच्या परिसरात, एका अंगाला खाडीतील तिवरांची झाडी आणि दुसऱ्या अंगाला तेलशुद्धीचे मनोरे अशी मांडणी आहे. तेथील एका साठवण-आगारात, त्याचे नाव न छापण्याच्या अटीवर, मला प्रवेश मिळाला. फाटकावर मोबाइल, आगपेटी, मोटारीची रिमोट किल्ली असा सर्व ऐवज जमा करून त्याची पावती घ्यावी लागते. धुराड्यावर ठिणग्या अडविणारा स्पार्क अरेस्टर नसलेल्या मालमोटारीला आत सोडीत नाहीत. ज्या माणसाबरोबर मला फिरावयाचे होते तो इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, मूळचा संगमेश्वराकडचा, पन्नाशी ओलांडलेला, मितभाषी. परंतु आपल्या कामाविषयी विचारले की वाक्ये मोजूनमापून आणि नेमकी देणारा.

वारा मोजणारा खांब कार्यालयाच्या गच्चीवर होता. टोकाला तीन वाट्यांचे चक्र, शेजारी दिशा दाखविणारा पंख, जरा खाली पांढऱ्या तबकड्यांच्या आड दडविलेला तापमापी, आणि या सर्वांच्या तारा एकत्र आणणारा राखाडी रंगाचा जंक्शन बॉक्स. दुपार टळली होती. वारा वायव्येचा होता. “हिवाळ्यात सकाळी डोंगराकडून, दुपारनंतर शहराकडून, हे मला यंत्राने सांगायला नको, साहेब,” तो म्हणाला. “पण रात्री अडीच वाजता पाऊस कोसळत असताना फोन आला, तर अंदाजावर उत्तर देता येत नाही.”

त्या दिवशी वार्षिक तपासणी होती. परमिट हाती असूनही त्याने आधी गॅस डिटेक्टर गच्चीभर फिरविला, बाष्प जड असल्यामुळे ते तळाशी साचते म्हणून पन्हाळीच्या तोंडाशी तो काही वेळ धरून ठेवला, आणि आकडा शून्यावर स्थिर झाल्यावरच झाकणाच्या बोल्टांना हात लावला. प्रत्येक बोल्ट काढून तो क्रमाने एका फडक्यावर ठेवीत होता. झाकण उघडल्यावर त्याने आतील तारांकडे पाहिलेच नाही. प्रथम झाकणाच्या कडेचा, यंत्रावर घासून आरशासारखा केलेला, बोटभर रुंदीचा धातूचा पट्टा पुसला आणि त्यावरून अंगठ्याचे नख सावकाश फिरवीत नेले. एके ठिकाणी नख अडखळले. त्याने परत तेथेच नख फिरविले, चिंधीने तो भाग घासला, अडखळणे नाहीसे झाले. ती धूळ होती. ओरखडा असता तर झाकण बाद झाले असते. त्या एका नखाच्या चालीत या विषयाचे निम्मे शास्त्र सामावलेले आहे, आणि ते उलगडून सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

बळकट पेटी आणि दुबळा प्रवाह

हायड्रोजन आणि हवा यांचे मिश्रण पेटण्यास एका मिलिज्यूलच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढी ऊर्जा पुरते. पेट्रोलच्या बाष्पाला तिच्या सुमारे दहापट लागते. पण कोरड्या हवेत गालिच्यावरून चालत जाऊन दाराच्या कडीला हात लावताना आपल्या बोटातून जी ठिणगी उडते, तिच्यात याहूनही कितीतरी अधिक ऊर्जा असते. तेव्हा ठिणगी डोळ्यांना दिसली पाहिजे असेही नाही. म्हणून अशा आवाराचे नकाशे काढून त्यांचे विभाग पाडतात: टाकीच्या पोटातील मोकळी जागा, जेथे स्फोटक मिश्रण सदासर्वदा असते, ती झोन शून्य; श्वासनळ्यांच्या तोंडाशी, जेथे नित्याच्या कामकाजातही ते अधूनमधून येते, ती झोन एक; आणि केवळ अपघातानेच व थोडाच वेळ येईल अशी जागा झोन दोन. त्यापलीकडची जागा सुरक्षित समजली जाते. या शेवटच्या शब्दाकडे आपल्याला पुन्हा वळावे लागेल.

यंत्र सुरक्षित करण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत, आणि दोहोंची दृष्टी परस्परांहून अगदी भिन्न आहे. पहिल्या मार्गाने जाणारे असे धरून चालतात की बाष्प पेटीत शिरणारच, ठिणगी पडणारच आणि आत स्फोट होणारच. फक्त तो आतच राहिला पाहिजे. त्यासाठी पेटी जाड धातूची करतात, आणि झाकण व पेटी यांच्यामधील फट मिलीमीटरच्या अंशाइतकी सूक्ष्म आणि पुरेशी लांब ठेवतात. आतील ज्वाला त्या फटीतून बाहेर निघता निघता धातूच्या स्पर्शाने इतकी निवते की बाहेरचे बाष्प पेटविण्याचे सामर्थ्य तिच्यात उरत नाही. अशा ज्वालारोधक पेटीलाच आपल्याकडील कामगार ‘फ्लेमप्रूफ’, किंवा नुसते ‘एफएलपी’, म्हणतात. नखाने तपासलेला तो पट्टा म्हणजे ज्वाला निवविणारी वाट. तिच्यावर खोल ओरखडा पडला म्हणजे ज्वालेला पळवाट मिळाली.

दुसरा मार्ग कोळशाच्या खाणींतून आला, आणि त्यामागे फार मोठे दुःख आहे. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधील सेंघेनिड येथील खाणीत स्फोट होऊन ४३९ खाणकामगार मृत्यू पावले. कारणाचा अंतिम निर्णय लागला नाही, तरी संदेश देण्यासाठी खाणीत वापरल्या जाणाऱ्या विजेच्या घंटेच्या उघड्या तारांवर दाट संशय होता. बॅटरीवर चालणारी क्षुद्र घंटा ती काय पेटविणार, असा जो तोवरचा समज होता तो कायमचा ढळला, आणि मंडल तुटताना जी ठिणगी पडते ती मुळातच इतकी दुबळी ठेवावयाची की तिला बाष्प पेटविताच येऊ नये, या विचाराची पद्धतशीर मांडणी त्या काळच्या संशोधनातून झाली. इंग्रजीत ‘इंट्रिन्सिकली सेफ’ म्हणतात ते हेच. यात पेटीच्या बळावर भिस्त नसते. सुरक्षित बाजूस, नियंत्रण-कक्षात, एक बॅरिअर बसवितात आणि ते पलीकडे ठरावीक मर्यादेबाहेर विजेचा दाब वा प्रवाह जाऊच देत नाही. तार तुटली, उंदराने कुरतडली, दोन टोके एकमेकांस चिकटली, तरीही नाही.

हवामानाच्या यंत्रांना हा दुसरा मार्ग विलक्षण मानवतो, असे माझे ठाम मत झाले आहे. वाऱ्याच्या वाट्यांखाली असते काय, तर एक लोहचुंबक आणि प्रत्येक फेऱ्याला मिटणारा-उघडणारा काचेच्या नळीतला स्विच. पर्जन्यमापकात एका बाजूने भरले की कलंडणारे लहानसे पात्र आणि तसाच स्विच. तापमापीत प्लॅटिनमची तार. यांपैकी एकालाही काम करण्यास मोठी वीज लागत नाही. मात्र वेधशाळेच्या धर्तीवरचे जे तयार स्वयंचलित केंद्र बाजारात मिळते, त्याच्याबरोबर सौर पट्टी, लेड-ॲसिड बॅटरी आणि मोबाइलचा मोडेम येतो. चार्ज होत असताना ही बॅटरी स्वतःच हायड्रोजन सोडते, आणि मोडेम हा तर फाटकावर जमा करून घेतलेल्या मोबाइलचाच सहोदर. शेतात किंवा शाळेच्या मैदानात निर्धास्तपणे उभे करता येणारे हे केंद्र जसेच्या तसे टाकीच्या बांधाजवळ उभे करणे हा अपराध होय.

या सर्वांवर देखरेख करणारी सरकारी कचेरी महाराष्ट्रातच, नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर आहे. १८९८ साली स्थापन झालेले विस्फोटक खाते म्हणजेच आजची पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना, तिचे हे मुख्यालय. पेट्रोलियम नियम, २००२ अन्वये धोक्याच्या क्षेत्रात बसवावयाच्या विजेच्या उपकरणाला तेथील मुख्य विस्फोटक नियंत्रकांची मान्यता लागते.

पावसापासून रक्षण, ज्वालेपासून रक्षण

परंतु मान्यता मिळते ती उपकरणाला. ते चढविणाऱ्या शिडीला, पाना फिरविणाऱ्या हाताला आणि चार पावसाळ्यांनंतरच्या गंजाला कोणतीही कचेरी आगाऊ प्रमाणपत्र देऊ शकत नाही.

कोकणपट्टीत तर या यंत्रांचा पहिला शत्रू पाऊस आहे. ज्वालारोधक झाकणाची ती घासलेली फट धातूला धातू भिडवून केलेली असते. तिच्यात मन मानेल तसे रबर घालता येत नाही. सूक्ष्म असली तरी ती फट आहे, आणि जून ते सप्टेंबर आडव्या सरींचा मारा सोसताना तिच्यातून ओल आत जाते. पाणी साचले की नोंद भरकटते, वाऱ्याचा आकडा वेड्यासारखा नाचू लागतो, वरून विचारणा होते, आणि कोणीतरी भला माणूस केवळ यंत्र नीट चालावे या सद्हेतूने त्या फटीत सिलिकोन भरून टाकतो किंवा कडेने एम-सीलचा जाड थर थापतो. पाणी थांबते. परंतु ज्या वाटेने ज्वालेने निवत निवत बाहेर पडावयाचे ती वाटच बुजते, आणि पेटीची जी रचना प्रयोगशाळेत तपासून मान्य झाली होती ती आता उरलेली नसते. उपाय फार साधा आहे: उत्पादकाने सांगितलेले, न गोठणारे ग्रीस त्या पट्ट्यावर पातळ लावावयाचे आणि सर्व बोल्ट ठरलेल्या ताणाने आवळावयाचे.

‘सर्व’ या शब्दावर भर देण्याचे कारण मी रायगड जिल्ह्यातील एका औद्योगिक वसाहतीत पाहिले. आठ बोल्टांच्या झाकणाला पाचच बोल्ट होते. उरलेले तीन पूर्वीच्या दुरुस्तीत खांबावरून खाली पडले, भांडारात त्या मापाचे मिळाले नाहीत, मागणीपत्र गेले, आणि मधल्या काळात नोंद व्यवस्थित येत असल्यामुळे कोणाला घाई वाटली नाही. तारेच्या एका मोकळ्या भोकात नियमानुसार धातूचे मान्यताप्राप्त बूच हवे. तेथे कागदाचा बोळा होता. ज्या फिटरने मला हे दाखविले तो लपवीत नव्हता. उलट बाहेरच्या माणसाने हे लिहावे अशी त्याची इच्छा दिसली. या अवस्थेतील पेटी साध्या पत्र्याच्या पेटीहून अधिक घातक मानली पाहिजे, कारण तिच्या अंगावरील मान्यतेची पट्टी पाहून पुढचा माणूस निर्धास्त होतो.

खांब हाही निरुपद्रवी नसतो. वाऱ्याचे माप खरे यावयाचे तर ते मोकळ्या जागी दहा मीटर उंचीवर घ्यावे, आणि जवळच्या अडथळ्याच्या उंचीच्या दसपट अंतरावर खांब असावा, असा वेधशाळांचा दंडक आहे. मनोरे आणि टाक्या यांच्या गर्दीत अशी जागा मिळत नाही, म्हणून तो गच्चीवर चढवितात, आणि मग आसपास सर्वांत उंच तोच उरल्यामुळे वीज कोसळली तर प्रथम त्याच्यावर. पायाशी भक्कम अर्थिंग आणि तारेच्या प्रवेशाशी विजेचा लोंढा जमिनीत वळविणारे साधन नसेल, तर आभाळातली वीज त्याच तारेने नियंत्रण-कक्षात उतरते. ॲल्युमिनियमचा सुटा भाग गंजलेल्या पोलादावर आदळला तरी त्या दोन धातूंच्या रासायनिक क्रियेने अत्यंत तप्त ठिणगी उडू शकते. म्हणून त्या टेक्निशियनने वाट्यांचे चक्र उतरविण्यापूर्वी ते दोरीने खांबाला बांधून घेतले होते.

वारा पडलेला असतो तेव्हा

आता त्या ‘सुरक्षित’ शब्दाकडे. २९ ऑक्टोबर २००९ च्या संध्याकाळी जयपूरजवळ सीतापुरा येथील इंडियन ऑइलच्या आगारात पेट्रोलची गळती सुरू झाली आणि ती सुमारे सव्वा तास चालू राहिली. वारा जवळजवळ पडला होता. वाऱ्याने उधळून विरळ व्हावयाचे ते बाष्प जमिनीलगत पसरत पसरत सबंध आवारभर साचले, आणि मग जो स्फोट झाला त्यात व त्यानंतरच्या कित्येक दिवस धुमसणाऱ्या आगीत ११ माणसे दगावली. चौकशीसाठी नेमलेल्या एम. बी. लाल समितीने पेट घेण्याची जी संभाव्य कारणे सांगितली, त्यांत आवारात चालू केलेले एखादे वाहन हे एक होते, आणि दुसरे होते प्रशासकीय इमारतीतील ज्वालारोधक नसलेले एखादे विजेचे उपकरण. नकाशात कार्यालयाची इमारत धोक्याच्या क्षेत्राबाहेरच असते. त्याच्या चार वर्षे आधी, ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे, इंग्लंडातील बन्सफील्ड येथेही अशीच निवांत हवा होती, टाकी भरून वाहिली, आणि आवाराबाहेरपर्यंत पसरलेल्या ढगाने पेट घेतला. तेथील टाकीचा भराव थांबविणारा स्वतंत्र स्विच कामास आला नाही, कारण त्याचा दांडा योग्य स्थितीत अडकवून ठेवणारे साधे कुलूप लावलेलेच नव्हते, आणि त्या कुलपाचे प्रयोजन बसविणाऱ्यांना कोणी समजावून दिले नव्हते.

या दोन घटनांतून हवामानयंत्रांविषयी जे निष्पन्न होते ते मला अतिशय महत्त्वाचे वाटते. क्षेत्रांचे नकाशे नित्याच्या किरकोळ गळतीसाठी काढलेले असतात. बाष्पाचा प्रचंड ढग त्या रेषा जुमानीत नाही. वाऱ्याचा खांब बहुधा कार्यालयाच्या गच्चीवर म्हणजे सुरक्षित जागी असतो, म्हणून तेथे साधी पेटी, साधी तार चालते असे खरेदीखाते म्हणते, आणि नियमाच्या अक्षराप्रमाणे ते चूकही नसते. परंतु ज्या घटकेसाठी तो खांब उभारला, नेमक्या त्याच घटकेला तो ढगात उभा असण्याचा संभव असतो. त्या वेळी दोनच पर्याय उरतात: साध्या यंत्राचा वीजपुरवठा चालू ठेवून ठिणगीचा धोका पत्करणे, किंवा अन्य साध्या उपकरणांबरोबर त्याचाही पुरवठा तोडणे आणि वाऱ्याच्या माहितीला मुकणे. दुबळ्या प्रवाहावर चालणारे यंत्र असेल तर हा पेच पडत नाही. ते ढगातही चालू राहू शकते. तेव्हा नकाशा काहीही सांगो, धोक्याच्या आवारातील वाऱ्याचे यंत्र झोन एकच्या योग्यतेचेच असावे. त्यासाठी पडणारा जादा खर्च त्या आवारातील कोणत्याही एका टाकीच्या रंगकामापुढे मोठा नाही.

दुसरी गोष्ट शून्याविषयी. वाट्यांचे चक्र फिरू लागण्यासाठी वाऱ्याला काही किमान वेग लागतो. बेअरिंगला गंज चढला की तो वाढतो. वारा मंद असला तरी यंत्र शून्य दाखविते, आणि बिघडले तरीही शून्यच. शून्य म्हणजे शांत हवा, आणि शांत हवा म्हणजे निर्धास्त, असा अर्थ सहज घेतला जातो. वस्तुतः जड बाष्पाच्या दृष्टीने सर्वांत वाईट वारा तो हाच. हलते भाग नसलेली, ध्वनिलहरींच्या प्रवासकालावरून वारा मोजणारी यंत्रे अतिमंद झुळूकही टिपतात, आणि त्यांचे ज्वालासुरक्षित प्रकार मिळतात. ज्यांना ती परवडत नाहीत त्यांनी निदान बेअरिंग वेळच्या वेळी बदलावे.

विजेवाचूनही वारा मोजता येतो. पुण्याच्या शिवाजीनगरात, लोक अजूनही ज्याला सिमला ऑफिस म्हणतात, तेथे १९२८ साली भारतीय हवामानखाते शिमल्याहून आले. या खात्याच्या वेधशाळांनी दीर्घकाळ वापरलेल्या वाट्यांच्या वातमापकात विजेचा लवलेश नव्हता. वाट्या फिरत, दंतचक्रे आकडा पुढे सरकवीत, निरीक्षक वर जाऊन तो उतरवून घेई. मी जुन्याचा हट्ट धरीत नाही. पण विंडसॉक, म्हणजे उंच काठीवरची ती लाल-पांढरी कापडी नळी, हिला आजही पर्याय नाही, कारण ती वीज मागत नाही, बंद पडत नाही आणि पळणाऱ्या माणसाला एका दृष्टिक्षेपात उत्तर देते. रात्री ती दिसावी म्हणून तिच्यावर दिवा हवा, आणि तो दिवा मात्र जागेच्या क्षेत्राला साजेसा, प्रमाणित असला पाहिजे.

भिंतीपलीकडे

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले. हा वायू पेटून नव्हे, तर श्वासावाटे मारणारा होता. कारखान्यातील कामगार वाऱ्याचा रोख पाहून उलट दिशेने निघाले आणि बहुतेक वाचले. भिंतीबाहेरच्या वस्त्यांतील हजारो माणसे झोपेतून उठून, वारा कोणीकडचा हे ठाऊक नसताना, ढग जिकडे चालला होता तिकडेच धावली. आतल्यांच्या आणि बाहेरच्यांच्या नशिबात त्या रात्री जो फरक पडला, त्यात वाऱ्याच्या दिशेच्या ज्ञानाचा वाटा फार मोठा होता.

त्यानंतर कायदे झाले. कारखाने अधिनियमात १९८७ साली दुरुस्ती झाली, आणि घातक रसायनांविषयीचे १९८९ चे नियम आले. त्या नियमांनुसार अपघाताची झळ ज्यांना पोचू शकते अशा आवाराबाहेरील लोकांना धोक्याचे स्वरूप आणि त्या प्रसंगी काय करावे हे कळविणे कारखानदारावर बंधनकारक आहे. आवाराबाहेरच्या आपत्कालीन योजनेची रंगीत तालीम वर्षातून एकदा झालीच पाहिजे. कायद्यात उणीव आहे असे मला वाटत नाही. उणीव आहे ती हे ज्ञान भिंत ओलांडून येण्यात. ट्रॉम्बेच्या त्या गच्चीवरून विंडसॉक उत्तम दिसत होता. फाटकाबाहेर पडून चहाच्या टपरीपाशी उभे राहिल्यावर टाकीच्या आड तो दिसेनासा झाला. टपरीवाल्याला मी विचारले, सायरन वाजला तर कोणीकडे जाल? त्याने रेल्वे स्टेशनाच्या दिशेने हात केला. वारा तेव्हा कोणीकडचा आहे, हे त्याने पाहिले नव्हते, आणि पाहावयाचे असते हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते.

चेंबूर, तारापूर, रोहा, महाड, लोटे, पाताळगंगा या पट्ट्यांत राहणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे. आपल्या घराजवळच्या कारखान्याची आवाराबाहेरची आपत्कालीन योजना जिल्हाधिकारी कचेरीत असते. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून तीन गोष्टी लेखी विचारा: मागील वर्षी तालीम कोणत्या तारखेला झाली, कारखान्यातील वाऱ्याचे यंत्र गळतीच्या वेळी वीजपुरवठा न तोडता चालू ठेवता येईल अशा प्रतीचे आहे काय, आणि रस्त्यावरून, रात्रीही, दिसेल असा विंडसॉक आपल्या बाजूस कोठे उभा आहे. तो नसेल तर उभारण्याची मागणी ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या ठरावानिशी करा.